नानांचा अभ्यास चालू आहे

नाना वायरमनच्या सदऱ्याच्या खिशात पूर्वी एकच वस्तू असायची, टेस्टर. हल्ली त्याच्या शेजारी निळं पेनही असतं. मध्यंतरी आमच्या स्वयंपाकघरातला प्लग बघायला ते आले होते. बोलता बोलता सवयीनं खिशात हात घातला, हाताला लागलं ते काढलं आणि पेनाचं टोक थेट सॉकेटच्या भोकाशी नेलं. हाताखालचा पोरगा ओरडला, "नाना, पेन!" नाना थांबले. पेनाकडे बघितलं, टोपण लावलं, परत खिशात ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "लिहून घेणार होतो."

नानांची परीक्षा आहे. कधी, ते विचारू नका. आहे.

साताऱ्यात आमच्या पेठेतल्या निम्म्या घरांचं वायरिंग नानांच्या हातचं. जुन्या वाड्यांमधली लाकडी पट्टी, चिनी मातीचे गोल स्विच आणि किटकॅट फ्यूज त्यांनीच उपसून काढले आणि त्या जागी भिंतीत झिऱ्या मारून पाइपही त्यांनीच गाडले. तारतंत्रीचा परवाना त्यांच्याकडे तरुणपणापासून आहे. दुकानात लक्ष्मीच्या फोटोखाली तो लॅमिनेट करून लावलाय. अडलंय ते पुढच्या पायरीवर. नव्या घराला मीटर हवा तर महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्याच्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही आणि शिक्का लागतो. ठेकेदार व्हायचं तर पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र हवं, स्वतःचं नाहीतर पगारी माणसाचं. पगारी माणूस ठेवण्याइतके पैसे असते तर नाना शिडीवर कशाला चढले असते? म्हणजे उरली परीक्षा.

तोवर काय होतं, तर घर नाना उभं करतात आणि सही दुसऱ्याची होते. झिऱ्या नाना मारणार, वायर नाना ओढणार, बोर्ड नाना बसवणार, आणि शेवटी कागद घेऊन शिक्केवाल्यांच्या दारात उभं राहणार. पाचशे व्होल्टच्या मेगरनं वायरिंगचं इन्सुलेशन तपासून ते निदान एक मेगओम भरतंय असं दाखवायचं असतं. शिक्केवाले ते आकडे चहा पिता पिता टेबलावरच भरतात. मेगर कपाटात असतो, कपाटाला कुलूप असतं.

"पैशाचं काही नाही हो," नाना म्हणतात. (पैशाचंही आहे, पण ते दुसऱ्या नंबरचं.) "पण कागदावर लिहितो काय, तर काम माझ्या देखरेखीखाली झालं. देखरेख! अहो, त्या माणसानं आमची गल्ली बघितली नाही."

या वाक्यापाशी त्यांचा आवाज किंचित हलतो. आणि मग ते अभ्यासाला बसतात.

नानांसारखा माणूस तुमच्याही घरात असणार. कुणी निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना खात्याची परीक्षा देतो, कुणी नातवंडं झाल्यावर संगीत विशारदचा फॉर्म भरतं. या मंडळींच्या काही खुणा ठरलेल्या. पुस्तकाला खाकी कव्हर. कव्हरावर स्वतःचं पूर्ण नाव आणि विषय. पाच रंगांची पेनं, त्यातलं वापरात एकच. पहाटे चारला उठण्याचा संकल्प, आणि उठल्यावर घरात सगळ्यांना कळेल इतक्या आवाजात चूळ भरणं. कुठल्याही लग्नाला बोलवा, "बघतो, अभ्यास आहे" म्हणणार, आणि पंगतीला पहिल्या ओळीत बसणार.

नानांचं पुस्तक पुण्याचं, आप्पा बळवंत चौकातून आणलेलं. जुनं, निम्म्या किमतीचं. आधीच्या मालकानं त्यात पेन्सिलीनं खुणा केलेल्या, त्या नानांना फार धीर देतात. "हा पास झाला असणार," ते म्हणतात. "नाहीतर पुस्तक विकलं नसतं." मला दुसरीही शक्यता दिसते, पण मी बोलत नाही.

त्या पुस्तकात १९५६चे भारतीय विद्युत नियम होते. नानांनी ते रामरक्षेसारखे पाठ केले. नियम ४४, विजेचा धक्का बसलेल्यावरचे उपचार. नियम ४५, ठेकेदारानं आणि ग्राहकानं घ्यायची खबरदारी. नियम ६१, अर्थिंग. नियम ७७, तारांची जमिनीपासूनची उंची. गाडीवरून जाताना, जेवताना, दाढी करताना नियम चालू. आणि एका संध्याकाळी त्यांच्या मुलीनं, ती डिप्लोमाला आहे, सांगितलं, "बाबा, हे नियम आता नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१०ला नवे आले. आणि २०२३ला त्यांच्याही जागी परत नवे."

नाना दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांनी मला रस्त्यातच गाठलं. "लेखकराव, मला एक सांगा. नियम बदलले. विजेचा स्वभाव बदलला का?"

"नाही."

"तार तेवढ्याच उंचीवर पाहिजे ना? माणूस तेवढाच उंच आहे ना? मग नुसता नंबर बदलून यांना काय मिळतं?" मग जरा थांबून, हळू आवाजात म्हणाले, "पंचेचाळीस कसा तोंडात बसला होता."

आता या सगळ्याचा आम्हा शेजाऱ्यांना ताप काय, तर अभ्यासामुळे नानांना दिसू लागलंय. पूर्वी ते कुणाकडे गेले की चहा घेत, बिघाड काढत, पैसे घेत. आता दारात पाऊल टाकलं की आधी छताकडे मान वर. आमच्या माजघराचं छत वाड्यातलं, हात वर केला की तुळईला लागतो. तिथं पंखा आहे. नानांनीच लावलेला.

"पंखा जमिनीपासून पावणेतीन मीटर पाहिजे," नाना म्हणाले. "बसत नाही नियमात."

"मग काढायचा?"

"काढू नका, उन्हाळा आहे." जाताना उंबऱ्यावरून परत मागे वळून बघितलं. "पण बसत नाही."

शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये त्यांनी बोट फिरवत पॉइंट मोजले. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा आठशे वॅट, याच्या वर जायचं नाही. "काकू, चौदा झाले." काकू म्हणाल्या, "अरे, दिवाळी आहे." नाना म्हणाले, "करंटला सण कळत नाही." हे त्यांचं जुनं वाक्य. मूळ वाक्यात सणाच्या जागी नातं होतं. प्रसंग बघून ते शब्द बदलतात. गेल्या वर्षभरात करंटला सण, नातं, राजकीय पक्ष आणि सासरचे लोक यांपैकी काहीही कळत नसल्याचं मी ऐकलं आहे.

वरातीतही हेच. सगळी पेठ नाचतेय, बँडवाला घामाघूम झालाय, आणि नाना कडेला उभे, डोळ्यांवर हात धरून वर बघतायत. घोड्यावर नवरा, नवऱ्याच्या डोक्यावर फेटा, फेट्यावर तुरा, आणि तुऱ्याच्या वर रस्ता ओलांडून गेलेली सर्व्हिस वायर. "पाच पॉइंट आठ मीटर पाहिजे," ते मला कानात सांगतात. "ही नाही भरत." मग स्वतः पुढे होऊन घोडेवाल्याला सांगतात, जरा डावीकडून घे. घोडेवाला घेतो. नाचणाऱ्यांना काही पत्ता नसतो.

यापेक्षा भयंकर प्रकार टेस्ट बटणाचा. आरसीसीबी म्हणून एक यंत्र असतं. फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला नाही, मध्येच तीस मिलिअँपिअर कुठं गळाला, म्हणजे बहुधा कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की ते क्षणात मेन तोडतं. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबून यंत्र जिवंत आहे का बघावं, असं सांगितलेलं आहे. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नानांना आता ठाऊक झालंय. त्यामुळे ते ज्या घरात जातात त्या घराचं बटण दाबतात. विचारून नाही. सत्यनारायणाला, बारशाला, आजाऱ्याच्या समाचाराला. तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला, आणि तोच हात बोर्डाकडे. खट्. सगळं घर अंधारात. अंधारातून नानांचा तृप्त आवाज, "चालतंय, चालतंय!" एका रात्री माझा अर्धा लेख त्या खटक्यात गेला. मी काही बोलायच्या आत नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून अभिनंदन केलं. माझं यंत्र उत्तम होतं.

अभ्यास घेतात वहिनी. त्यांचं सातवीनंतर शिक्षण सुटलं, पण भाकरी थापता थापता प्रश्न विचारायची त्यांची पद्धत बघितली तर कुठल्याही परीक्षकानं कानाला खडा लावावा. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवलेलं असतं. नजर तव्यावर.

"प्लेट अर्थिंगची पाटी केवढी?"

"साठ सेंटिमीटर बाय साठ सेंटिमीटर."

"तांब्याची असली तर जाडी?"

"तीन... तीन पॉइंट पंधरा मिलिमीटर."

"आणि जीआयची?"

"सहा पॉइंट तीन."

"पाटीभोवती काय?"

"कोळसा नि मीठ. थर द्यायचे."

"मग आपल्या परड्यात पुरलीय ती केवढी आहे?"

नाना गप्प. परड्यात त्यांच्या वडिलांनी कधीतरी एक लोखंडी तुकडा पुरला होता, कशाचा ते घरात कुणालाच माहीत नाही. वहिनी भाकरी उलटतात. "पुढचा प्रश्न घेऊ?"

यात एक गोष्ट हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आली, फक्त नानांच्या नाही. वहिनींचं पुस्तक पाठ झालंय. हल्ली त्या ते उघडतही नाहीत. डब्याला टेकवतात तो मान राखायचा म्हणून.

गणिताचं खातं मुलीकडे. नानांचं गणित मालाच्या यादीपुरतं पक्कं. दीड स्क्वेअर एमएम तीन बंडल, अडीच दोन बंडल, चार एक, हे ते झोपेतही चुकत नाहीत. पण रूट थ्री समोर आलं की त्यांचा चेहरा पडतो. थ्री फेजच्या प्रत्येक गणितात हा रूट थ्री कुठून टपकतो, ते त्यांना कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट पाठ करायला ते तयार नव्हते. हा त्यांचा गुण की दोष, मला सांगता येणार नाही. परीक्षेच्या दृष्टीनं दोष.

ते कसं सुटलं, त्याला मी साक्षी आहे. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा स्टार-डेल्टा स्टार्टर नानांनीच बसवलेला. मोटार आधी स्टारमध्ये उठते, वेग घेतला की खट् आवाज करून डेल्टात पडते आणि मग दम लावते. हा आवाज नानांच्या कानात इतका बसलाय की गल्लीच्या टोकाला उभं राहून, टायमर अर्धा सेकंद लवकर पडतोय, हे ते सांगू शकतात. त्या रात्री मुलीनं वहीत एक त्रिकोण काढला, शेजारी तीन पायांचा एक तारा.

"बाबा, डेल्टात एका वाइंडिंगला किती व्होल्ट मिळतात?"

"चारशे. सरळ दोन फेजच्या मध्येच आहे की ते."

"आणि स्टारमध्ये?"

"कमी मिळतात. म्हणून तर मोटार झटका न देता उठते."

"कमी म्हणजे किती?" तिनं कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात दिला. "चारशेला एक पॉइंट सात तीन दोननं भागा. तोच तुमचा रूट थ्री."

नानांनी एकेक बटण बोटाच्या मागच्या बाजूनं दाबलं. उघड्या तारेला हात लावायची वेळ आली तर उलटा लावायचा, म्हणजे धक्का बसला तरी मूठ तारेवर आवळली जात नाही, ही जुन्या वायरमनांची सवय कॅल्क्युलेटरवरही गेली नव्हती. आकडा आला, २३०.९४.

नाना बघत राहिले. "दोनशे तीस? म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये येतात तेवढेच?"

"स्टारमध्ये तिन्ही टोकं एकत्र कशी बांधता?"

"बांधतो की. तीनही एका जागी..." नाना बोलायचे थांबले. मग एकदम मोठ्यानं हसले. "अगं, तो न्यूट्रल झाला की! रोज माझ्याच हातानं बांधतोय!"

सकाळी सातला ते गिरणीत गेले आणि गिरणीवाल्याला सगळं समजावून सांगितलं. तो त्रिकोण, तो तारा, उठतानाचा करंट एक तृतीयांश कसा होतो ते. पिठात बोटानं आकृत्या काढून. गिरणीवाल्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बिल कमी येणार?" नाना तिथून सरळ माझ्याकडे आले. मग मलाही तारा आणि त्रिकोण.

गणपतीतली गोष्ट सांगायला हवी, कारण त्या दहा दिवसांत नाना मंडळातून जवळजवळ काढले गेले होते. मंडपाचं काम दरवर्षी त्यांचंच, फुकट, नारळावर. यंदा त्यांनी अट घातली, मंडपाला आरसीसीबी लावणार. अध्यक्ष म्हणाले लावा. कुणाला काय कळतंय! दुसऱ्या दिवशी साताऱ्याचा पाऊस, आरती ऐन रंगात, आणि खट्. सगळं काळं. पोरांनी मोबाइलचे दिवे लावून आरती पुरी केली. नानांनी खटका वर केला, पाच मिनिटांत परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा पोरं त्यांच्याभोवती जमली. "नाना, ते काढा आणि डायरेक्ट द्या. दरवर्षी कुठं होतं असलं?"

"दरवर्षी हे नव्हतं म्हणून होत नव्हतं," नाना म्हणाले. हे वाक्य त्या क्षणी कुणाला आवडणार?

मग त्यांनी एकेक सर्किट बंद करत शोध घेतला. अध्यक्ष घड्याळ बघतायत, बायका ताटं झाकून उभ्या, आणि नाना भिजत शिडीवर. शेवटी सापडलं. डाव्या अंगाच्या हॅलोजनची वायर मंडपाच्या लोखंडी पाइपावर आवळून बांधलेली, तिथं तिचं साल कापलं गेलेलं, आणि वरून पावसाचं पाणी. नानांनी वायर सोडवली, चिकटपट्टी न लावता सरळ नवी टाकली. खाली उभ्या पोरांतला एक म्हणाला, "काल मी त्याच पाइपाला टेकून बसलो होतो की तासभर."

"काल पाऊस नव्हता," नाना म्हणाले आणि खटका वर केला. या वेळी तो राहिला.

यंदाचा नारळ जरा मोठा होता, असं वहिनींचं निरीक्षण.

इतकं सगळं येत असताना नाना मागच्या वेळी लेखीत गेले. प्रात्यक्षिकाची भीती त्यांना नाहीच. जिन्याचं वायरिंग, खालून लावा वरून विझवा, ते डोळे मिटून करतील. तोंडीतही ते समोरच्याला पुरून उरतील. लेखीत मात्र त्यांच्याकडून लांब लिहून होत नाही. जन्मभर मालाची यादी लिहिलेल्या माणसाला वाक्य लिहिताना वायर फुकट गेल्यासारखी वाटते. प्रश्न होता, अर्थिंगचं महत्त्व सविस्तर लिहा. नानांनी लिहिलं, "नसेल तर कळतं." आणि पुढच्या प्रश्नाला गेले. दुसरा प्रश्न, विजेचा धक्का लागलेल्या व्यक्तीस पाहताच आपण प्रथम काय कराल? उत्तर, "मेन बंद." हे बरोबरच आहे. पण परीक्षकाला कोरडं लाकूड हवं होतं, त्या व्यक्तीला थेट न शिवणं हवं होतं, कृत्रिम श्वासोच्छ्वास हवा होता, वैद्यकीय मदत हवी होती. हे सगळं नानांच्या दुकानातल्या तक्त्यावर आहे, लक्ष्मीच्या दुसऱ्या बाजूला. नानांच्या मते मेन वेळेवर बंद केला तर बाकीचं लागतच नाही.

आता मी त्यांना निबंध शिकवतो. म्हणजे अर्थिंगवर दहा ओळी लिहून आणायला सांगतो, आणि ते चार आणतात. मी म्हणतो, फुलवा. ते म्हणतात, "लेखकराव, तुम्ही लोक एवढंसं सांगायला पानभर वायर ओढता, मध्ये व्होल्टेज ड्रॉप होत नाही का?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

परवा पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायला म्हणून त्यांच्याकडे बसलो होतो. फोटो, अनुभवाचा दाखला, जुन्या परवान्याची प्रत, सगळं पसरलेलं. वहिनींनी चहा आणला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "तारतंत्रीचा फॉर्म वेगळा असतो का हो?"

"का गं?" नाना म्हणाले.

"मी भरीन म्हणते."

मुलगी हसायला लागली. नानांनी चष्मा काढला. "अगं, त्याला कामाचा अनुभव लागतो."

"लग्न झाल्यापासून तुमच्या शिडीचा पाय कोण धरतंय?"

नानांना हे मान्य करावं लागलं. पण नियम तो नियम. ते म्हणाले, "तसा नाही चालत. अनुभवाच्या दाखल्यावर ठेकेदाराची सही लागते. शिक्का लागतो."

वहिनींनी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. "मग भरा की लवकर. माझं अडलंय."